ट्रंपेटचा स्वर आणि श्रेयाचा हिशेब

वऱ्हाडातील शिरपूर जैनसारख्या गावांपर्यंत ट्रंपेटचा स्वर पोचला, तो लग्नाच्या वरातीतील बँडपथकांमुळे आणि हिंदी चित्रपटांतील गाण्यांमुळे. गाण्यांबरोबर संगीतकार आणि पार्श्वगायक घरोघरी परिचित झाले. परंतु ज्या वादकांनी हे परके वाद्य आपल्या संगीतात रुजविले, त्यांची नावे श्रोत्यांपर्यंत क्वचितच गेली. मुंबईच्या जाझ जगतात एके काळी गाजलेले चिक चॉकलेट हे अशा वादकांपैकी अग्रणी होत. त्यांच्या चरित्रातून आपल्या कलाव्यवहाराची एक बाजू स्पष्ट दिसते.

त्यांचे मूळ नाव आंतोनियो शाविएर वाझ. १९१६ साली गोव्यातील बार्देश तालुक्यातील हळदोणे गावी त्यांचा जन्म झाला. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि वादन शिकविले जाई. पण ही विद्या शिकलेल्या तरुणांना गोव्यात पोटापुरते काम मिळत नसे. त्यामुळे शेकडो गोवेकर वादकांनी मुंबईची वाट धरली. कौशल्य एका ठिकाणी निर्माण व्हावे आणि त्याची बाजारपेठ दुसरीकडे असावी, या नित्याच्या आर्थिक वास्तवाचेच ते उदाहरण होते.

मुंबईत तेव्हा जाझचा नवा काळ सुरू झाला होता. १९३५च्या सुमारास व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबे यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे कलावंत याच देशात राहिले. त्यांच्या सहवासात आणि ध्वनिमुद्रिका ऐकून गोवेकर वादकांनी जाझ आत्मसात केला. वाझ यांनी लुई आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानले. त्यांचे ट्रंपेट, घोगऱ्या आवाजातील गायन आणि हातातील रुमालही आर्मस्ट्राँग यांची आठवण करून देई. भारताचे आर्मस्ट्राँग असा त्यांचा लौकिक झाला, आणि आपल्या ‘म्युझिक मेकर्स’ या वाद्यवृंदासह त्यांनी ग्रीन्स व ताज ही हॉटेले गाजविली.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. इंग्रज ग्राहक गेले आणि १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे रात्रीच्या करमणुकीचा व्यवसाय आक्रसला. दुसरीकडे चित्रपटांना मोठ्या वाद्यवृंदांची गरज भासू लागली. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचे सहायक म्हणून चिक चॉकलेट यांनी काम केले. अमरावतीत जन्मलेल्या भगवान यांच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटात ते आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. ‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले.

चाल संगीतकाराची असे. परंतु अंतऱ्यांमधील जागा भरणारे वाद्यांचे तुकडे, निरनिराळ्या वाद्यांचे स्वर एकमेकांत गुंफणारा मेळ आणि प्रत्येक वादकासाठी लिहिलेली स्वरलिपी यांत जाझ जाणणाऱ्या वादकांचा वाटा मोठा होता. हा मार्ग एकट्या चिक चॉकलेट यांचा नव्हता. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधले, तर अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग यांच्यासारखे पुढील पिढीचे वादक मुंबईत आले, तेव्हा पाश्चात्त्य सुषिर वाद्यांना चित्रपटसंगीतात हक्काचे स्थान मिळालेले होते. ते स्थान मिळवून देणाऱ्यांत चिक चॉकलेट यांची गणना केली पाहिजे.

‘आखरी खत’ (१९६६) या चित्रपटातील नृत्यगृहाच्या प्रसंगात त्यांचे ट्रंपेट अखेरचे दिसले. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या काळी वादकाला ध्वनिमुद्रणाचे ठराविक पैसे मिळत. गाणे कितीही वेळा विकले वा वाजले, तरी पुढील उत्पन्नात त्याचा वाटा नसे. १९५७च्या स्वामित्व हक्क कायद्यात वादनावर वादकाचा हक्कच मानलेला नव्हता. १९९४च्या दुरुस्तीने कलावंतांचे हक्क प्रथम मान्य झाले आणि २०१२च्या दुरुस्तीने त्यांना व्यापारी वापराच्या स्वामित्वधनाचा अधिकार मिळाला. चिक चॉकलेट यांच्या पिढीसाठी ही सुधारणा फार उशिरा आली.

गेलेला मोबदला आता देता येणार नाही; श्रेय मात्र देता येईल. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत आणि संगीताच्या इतिहासांत वादकांची व वाद्यमेळ बांधणाऱ्यांची नावे नोंदविणे, एवढे तरी व्हावयास हवे. ज्या संपत्तीच्या निर्मात्यांची नोंद समाजाजवळ नाही, त्या संपत्तीचे खरे मोल त्या समाजाला कळले आहे असे म्हणता येत नाही.