विश्लेषण : रोजचा दिवस कॅमेऱ्यात टिपणारे ‘सावे दादा’ कोण होते?

अंधेरी स्थानकातली गर्दी, घाटकोपरच्या मेट्रोतून दिसणारा पाऊस, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली माकडे, सुट्टीतला कोकणचा प्रवास… मोबाइलवर असे फोटो-व्हिडीओ टिपायचे आणि लगेच चार जणांना दाखवायचे, हा छंद आता उपनगरांत घरोघरी आहे. मुंबईतली हलती चित्रे टिपून ती लोकांना दाखवण्याचा उद्योग मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी छायाचित्रकाराने सुरू केला. त्याच्या पहिल्या दोन विषयांपैकी एक होता कुस्ती आणि दुसरा माकडांचा खेळ. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी काय टिपले, कसे टिपले आणि त्यातले आज काय उरले, याविषयी…

सावे दादा कोण होते?

भाटवडेकर यांचा जन्म १८६८ चा. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय. मुंबईत छायाचित्रणाची आवड रुजायला सुरुवात झाली होती ती त्याच्याही आधी. हौशी मंडळींची ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ मध्येच स्थापन झाली होती. मात्र काचेच्या पट्ट्या, रसायने, अंधारी खोली आणि जड तिकाटणे हा सगळा पसारा पैसेवाल्यांनाच झेपत असे. सामान्य माणूस फोटोसाठी स्टुडिओत जायचा, पडद्यासमोर ताठ बसायचा आणि श्वास रोखून धरायचा. भाटवडेकर यांचे काम याच माणसांचे फोटो काढण्याचे. स्थिर चित्राचे तंत्र हातात पक्के बसलेले असताना त्यांच्यासमोर एकदम हलते चित्र आले.

वॉटसन हॉटेलमध्ये काय घडले?

फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये पैसे घेऊन चलचित्रांचा पहिला जाहीर खेळ केला. त्यानंतर अवघ्या सहा-साडेसहा महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, काळा घोडा परिसरातील वॉटसन हॉटेलमध्ये तीच चित्रे दाखवली गेली. तिकीट होते एक रुपया. स्थानकात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून सुटलेले कामगार, समुद्रस्नान, भिंत पाडणे अशी ही दृश्ये. एकेक चित्र मिनिटभराचेही नव्हते. त्यात कथा नव्हती, नटही नव्हते. रोजचेच जग पडद्यावर हलत होते.

हे खेळ पाहणाऱ्यांत भाटवडेकर होते. फ्रान्समधल्या कामगारांची सुट्टी मुंबईकर पैसे देऊन पाहतात, तर मग मुंबईतली दृश्ये का पाहणार नाहीत, असा प्रश्न त्यातून सहज उभा राहतो. त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले.

कॅमेऱ्याची किंमत किती होती?

भाटवडेकर यांनी विलायतेहून चलचित्रांचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, त्यामुळे हा हिशोब २२ पौंड १ शिलिंग इतका होतो. त्या काळच्या विनिमय दराने ही रक्कम साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे रुपयांच्या घरात जाते. वॉटसनमधल्या एक रुपयाच्या तिकिटाशी तुलना केली, तर जवळपास सव्वातीनशे खेळांचे पैसे एका यंत्रात घातले गेले.

अडचण पैशांपुरती नव्हती. या कॅमेऱ्यांना लखलखीत सूर्यप्रकाश लागे, त्यामुळे चित्रण उघड्यावरच करावे लागायचे. एक फीत जेमतेम मिनिटभर चाले, म्हणजे कुठे उभे राहायचे आणि हँडल केव्हा फिरवायला घ्यायचे हे आधीच ठरवावे लागे. शिवाय फीत धुण्यासाठी बोटीने लंडनला पाठवावी लागली. आपण टिपलेले नीट उतरले की नाही, हे कळायलाही बराच काळ थांबणे आले. तोपर्यंत भाटवडेकर यांनी प्रक्षेपक घेतला आणि परदेशी फिती तंबूत, मोकळ्या मैदानात दाखवायला सुरुवात केली.

पहिले विषय कोणते होते?

१८९९ मध्ये मलबार हिलवरील हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती त्यांनी टिपली. त्याच सुमारास माकडवाला आणि त्याच्या माकडांचा खेळही चित्रित केला. भारतीयाने केलेल्या अगदी पहिल्या चित्रणांत या दोन फितींचा समावेश होतो.

ही निवड समजून घेण्यासारखी आहे. राजवाडे, शिकारी, देवळे-लेणी हे त्या वेळच्या छायाचित्रांचे मानाचे विषय होते. कुस्ती आणि माकडाचा खेळ मात्र रस्त्याने जाणारा कोणीही थांबून फुकट पाहू शकत होता. एका मिनिटात सुरुवात, झटापट आणि शेवट बसेल, माणसे चौकटीबाहेर जाणार नाहीत आणि पाहणाऱ्याला काही समजावून सांगावे लागणार नाही, या तिन्ही कसोट्यांना हे विषय उतरत होते. आज मोबाइलवरच्या छोट्या व्हिडीओंचे गणितही फारसे वेगळे नाही.

पहिला बातमीपट कोणता?

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेत विभागून पहिले आले आणि ‘सीनियर रँग्लर’ ठरले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९०१ च्या अखेरीस ते मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत त्यांचे जंगी स्वागत झाले. भाटवडेकर कॅमेरा घेऊन तिथे हजर होते. हे चित्रण भारतातला पहिला बातमीपट मानले जाते. पुढे १९०३ चा लॉर्ड कर्झन यांचा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला. दिल्ली न पाहिलेल्या माणसाला तिथला थाट पडद्यावर पाहता आला. प्रवासातली दृश्ये आणून घरच्या मंडळींना दाखवण्याचाच हा मोठा अवतार होता.

मग त्यांचे नाव मागे का पडले?

काही वर्षांनी भाटवडेकर चित्रणातून बाजूला झाले आणि गेटी थिएटरच्या व्यवस्थापनात रमले. बोरीबंदरसमोरचे हे नाट्यगृह पुढे कॅपिटॉल सिनेमा म्हणून ओळखले गेले. दरम्यान पडद्यावर कथा आली. १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ आणि १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. चित्रपट म्हणजे गोष्ट, हे समीकरण पक्के झाले. इतिहासाची सुरुवातही मग गोष्टीपासून मोजली गेली आणि त्याआधीचे पैलवान, माकडवाला, रँग्लर परांजपे प्रस्तावनेत गेले.

त्या फिती आज कुठे आहेत?

त्यांनी टिपलेले ते मिनिटभराचे क्षण आज पाहायला मिळत नाहीत. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या चटकन पेट घेत, दमट हवेत चिकट होत आणि भुगाही होत. जुन्या फिती वितळवून त्यातली चांदी काढून घेण्याची रीतही होती. कोलकात्यात भाटवडेकर यांच्याच काळात चित्रण करणारे हिरालाल सेन यांच्या फिती तर १९१७ मध्ये आगीत नष्ट झाल्या. भाटवडेकर यांचे निधन १९५८ मध्ये झाले. जुने चित्रपट जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ मध्ये, म्हणजे त्यांच्यानंतर सहा वर्षांनी.

सावे दादांच्या कामातला हाच भाग आजच्या हौशी छायाचित्रकारांच्या उपयोगाचा आहे. टिपणे आणि दाखवणे त्यांना एवढ्या अडचणींतूनही जमले; जपणे तेवढे राहून गेले. त्यांच्या काळात त्यासाठी ना संस्था होती, ना सोपे तंत्र. आज टिपायला आणि दाखवायला क्षणही लागत नाही, पण मोबाइल बिघडला, पासवर्ड विसरला किंवा जागा करण्यासाठी फोल्डर पुसले, की निकाल तोच लागतो. निवडक फोटोंवर तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे लिहून त्यांची प्रत दुसऱ्या एखाद्या ठिकाणी ठेवणे, एवढे काम एका रविवारच्या दुपारी होण्यासारखे आहे. हँगिंग गार्डनमधली ती कुस्ती झाली, एवढे आज माहीत आहे. ती कोणी जिंकली, हे दाखवणारी फीत मात्र उरलेली नाही.