फ्रेडी मर्क्युरी : 'क्वीन'बाहेरचा एक अल्बम

'क्वीन' या विख्यात ब्रिटिश रॉक समूहाचे मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी यांचा पहिला स्वतंत्र अल्बम 'मिस्टर बॅड गाय' २९ एप्रिल १९८५ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला. सहकाऱ्यांना बरोबर न घेता त्यांनी तो तयार केल्याने समूह फुटणार, अशी चर्चा सुरू झाली. प्रत्यक्षात अवघ्या अडीच महिन्यांत 'क्वीन'ने आपल्या कारकिर्दीतील सर्वाधिक गाजलेला कार्यक्रम सादर केला.

मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार बेटावर एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील बोमी हे तेथील वसाहत सरकारच्या सेवेत रोखपाल होते. गुजरातमधील बलसाड, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून कुटुंबाला हे आडनाव मिळाले. वयाच्या आठव्या वर्षी फारुख यांना शिक्षणासाठी साताऱ्याजवळील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठविण्यात आले. तेथे ते पियानो शिकले आणि शाळासोबत्यांसह त्यांनी 'द हेक्टिक्स' हा वाद्यसमूह स्थापन केला. विशेष म्हणजे त्या समूहात ते मुख्य गायक नव्हते, पियानोवादक होते.

१९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाने इंग्लंडमध्ये आश्रय घेतला. ईलिंग कला महाविद्यालयातून आलेख कलेचे शिक्षण घेतल्यानंतर १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्या साथीने त्यांनी 'क्वीन'चा प्रारंभ केला. पुढील वर्षी बेस गिटारवादक जॉन डीकन त्यांना येऊन मिळाले. मर्क्युरी यांनी लिहिलेले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गीत १९७५ मध्ये प्रकाशित झाले आणि सलग नऊ आठवडे ब्रिटनमध्ये अग्रस्थानी राहिले.

'क्वीन'चे चारही सदस्य गीतकार होते. त्यामुळे प्रत्येक अल्बमसाठी कोणती गीते घ्यावीत आणि ती कशी सादर करावीत, यावर त्यांच्यात वाद होत असत. स्वतंत्र अल्बमची वाट प्रथम मर्क्युरी यांनी धरली, असे मात्र नाही. टेलर यांचा अल्बम १९८१ मध्ये, तर मे यांचा १९८३ मध्ये आला होता.

मर्क्युरी यांनी आपल्या अल्बमसाठी जर्मनीतील म्युनिक शहराची निवड केली. 'क्वीन'बरोबर काम केलेले निर्माते राइनहोल्ड माक यांच्यासह त्यांनी म्युझिकलँड स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले. अकराही गीते त्यांची स्वतःची होती. 'क्वीन'ची ओळख असलेल्या गिटारऐवजी येथे सिंथेसायझर, पियानो आणि नृत्याचा ठेका यांना प्राधान्य होते. शीर्षकगीतासाठी पूर्ण वाद्यवृंद योजण्यात आला. एक गीत त्यांनी मायकल जॅक्सन यांच्यासमवेतही ध्वनिमुद्रित केले होते. अल्बममध्ये मात्र ते मर्क्युरी यांच्या एकट्याच्या स्वरात आले. हा अल्बम त्यांनी आपल्या जेरी नावाच्या मांजराला अर्पण केला.

ब्रिटनमध्ये अल्बमने सहावे स्थान मिळविले. अमेरिकेत मात्र तो पहिल्या शंभरातही पोहोचला नाही. मर्क्युरी यांनी स्वतंत्र दौराही काढला नाही. मे १९८५ मध्ये ते 'क्वीन'सह जपानच्या दौऱ्यावर होते. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम झाला. तेथे चौघांनी अवघ्या वीस मिनिटांत सुमारे ७० हजार श्रोत्यांना जिंकून घेतले. त्यापूर्वी समूह दुभंगला होता, असे २०१८ मधील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटात दाखविण्यात आले असले, तरी वस्तुस्थिती तशी नव्हती.

१९८८ मध्ये त्यांनी स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासमवेत 'बार्सेलोना' हा अल्बम सादर केला. आपल्याला एड्स झाल्याचे २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी वयाच्या ४५ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर झरतुष्ट्री धर्मविधीनुसार अंत्यसंस्कार करण्यात आले.

'मिस्टर बॅड गाय'ची कथा मात्र तेथे संपली नाही. मर्क्युरी यांच्या निधनानंतर मे, टेलर आणि डीकन यांनी त्यातील दोन गीते निवडली. मर्क्युरी यांचा मूळ स्वर कायम ठेवून त्याभोवती त्यांनी आपल्या वाद्यांची नवी साथ रचली. १९९५ मध्ये आलेल्या 'क्वीन'च्या अल्बममध्ये ही गीते समाविष्ट झाली. इतकेच नव्हे, तर त्यांपैकी 'मेड इन हेवन' या गीताचेच नाव त्या अल्बमला देण्यात आले. ब्रिटनमध्ये तो अग्रस्थानी पोहोचला. दहा वर्षांपूर्वी मर्क्युरी यांनी मित्रांवाचून गायिलेल्या गीतांना अखेर त्याच मित्रांची साथ लाभली.