सौर वाऱ्याचे अभ्यासक साराभाई

विक्रम साराभाई यांचे नाव आज प्रक्षेपक आणि उपग्रहांशी जोडले जाते. त्यांची मूळ जिज्ञासा मात्र सूर्य आणि ग्रहांमधील अवकाशाविषयी होती. १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या गिरणीमालक कुटुंबात जन्मलेले साराभाई महायुद्धामुळे केंब्रिजहून परतले आणि बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. १९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. विश्वकिरणांतील चढउतारांवरून सूर्याचा प्रभाव ओळखणे, हे त्यांच्या संशोधनाचे सूत्र होते.

डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकेचे मरिनर-२ यान शुक्रापासून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेले. सौर वारा अखंड वाहतो, हे त्याने सिद्ध केले. शुक्राचे चुंबकीय क्षेत्र मात्र त्याच्या मापकाला आढळले नाही. १९६३ मध्ये साराभाईंनी सौर वाऱ्याचा वेग सर्वत्र सारखा नसल्यास काय घडेल, याची मांडणी केली. सूर्य फिरत असल्याने वेगवान प्रवाह मंद प्रवाहाला गाठतो आणि दोहोंच्या संधीवर खळबळ माजते, असा तिचा आशय होता. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला चुंबकीय विषुववृत्तालगतच्या थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले.

होमी भाभांच्या निधनानंतर १९६६ मध्ये अणुऊर्जा आयोगाची धुराही त्यांच्यावर आली. पुढच्याच वर्षी मरिनर-५ ने शुक्रासमोर सौर वाऱ्याचा आघाततरंग नोंदवला. स्वतःचे चुंबकीय कवच नसलेल्या या ग्रहावर वरच्या वातावरणातील विद्युतभारित थरच वाऱ्याला अडवतो. वाऱ्यासोबत आलेल्या बलरेषा ग्रहाभोवती लपेटल्या जातात आणि वातावरणाचा काही अंश अवकाशात निसटतो. हे चित्र १९७८ नंतर पायोनियर व्हीनस यानाने स्पष्ट केले. ते पाहण्यास साराभाई नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी, कोवळम येथे त्यांचे निधन झाले होते.

शिक्षण, हवामान, दळणवळण यांसाठी अवकाश तंत्रज्ञान वापरावे, हा त्यांचा आग्रह देशाने स्वीकारला. मूलभूत विज्ञानाचा वाटा मात्र मर्यादित राहिला. २०१३ च्या मंगळयानावर चुंबकत्वमापक नव्हता. २०२३ च्या आदित्य-एल१ वर तो आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,२३६ कोटी रुपयांच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. साराभाईंनी प्रयोगशाळा आधी उभारली, प्रक्षेपणतळ नंतर. निधीवाटप करताना हा क्रम धोरणकर्त्यांनी लक्षात ठेवला पाहिजे.