महाडचे पाणी आणि खरा समेट



गावात तंटा होतो. दोन दिवसांनी चार मंडळी तुमच्या दारी येतात आणि झाले गेले विसरून मिटवून टाका, असे सांगतात. अशा वेळी काय करावे? तडजोड, समेट, सलोखा, दिलजमाई हे शब्द कानाला सारखेच लागतात, पण त्यांचे अर्थ सारखे नाहीत. ते समजून घ्यायचे असतील तर परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनाकडे पाहा. त्यातील एक पर्व तर तुमच्या महाड-पोलादपूरच्या मातीतच घडले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. साताऱ्याच्या शाळेत तहान लागली तरी नळाला हात लावण्याची त्यांना बंदी होती. शिपायाने पाणी दिले तरच घसा ओला होई. हाच मुलगा पुढे कोलंबिया आणि लंडन येथील उच्च पदव्या मिळवून १९२३ साली मायदेशी परतला. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मग आपले लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठली. जेवायला बसलेल्या निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडल्या. संतप्त तरुण बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द त्यांनी दिला नाही. त्यांनी कायद्याचा मार्ग धरला आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. हात आवरणे म्हणजे माघार घेणे नव्हे, हा पहिला धडा.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा परिषद बोलावली. जेधे-जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण ब्राह्मणांना लढ्यात घेऊ नये अशी अट घातली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. वैर अन्यायाशी आहे, माणसाशी नाही, हा दुसरा धडा.

न्यायालयाचा मनाई हुकूम आला तेव्हा त्यांनी सत्याग्रह तहकूब केला, परंतु हक्क सोडला नाही. दहा वर्षे दावा लढवून १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात विजय मिळविला. थांबणे वेगळे आणि अर्ध्या हक्कावर तडजोड करणे वेगळे, हा तिसरा धडा.

आता हे ध्यानात घ्या. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बुद्धचरित्रातही तंटा पाण्याचाच आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय युद्धाला सजले. सिद्धार्थाने सुचविले की दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे नेमावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा. संघाने ते मानले नाही, म्हणून त्याने गृहत्याग केला. पुढे समेट झाल्याचे कळले, तरी तो घरी परतला नाही. माणसामाणसांतील कलहाचे मूळच त्याला शोधायचे होते.

त्या पाच माणसांत दोन्ही पक्षांचे वजन सारखे होते, हे विसरू नका. म्हणून मिटवायला कोणी आले तर विचारा: दोघेही एकाच सतरंजीवर बसणार का? पाणी आणि वाट दोघांना सारखी राहणार का? चूक करणारा ती कबूल करणार का? उत्तर होय असेल तर पहिले पाऊल तुम्ही टाका आणि मनात किंतु ठेवू नका. नाही असेल तर हात न उगारता कायद्याकडे जा. एकाने मान खाली घालून विकत घेतलेली शांतता हा सलोखा नव्हे, ती जुनी गुलामीच होय.

आणि तंटा आपल्याच भावकीत किंवा विहारात असेल, तर मैत्रीची सुरुवात आज संध्याकाळी आपल्याच घरातून करा.

जय भीम! नमो बुद्धाय!