स्वामी रामानंद तीर्थ : समान व्रताने माणसे जोडणारा संन्यासी

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात गेल्या अर्धशतकाचा लेखाजोखा मांडताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. संस्था टिकते ती कशाच्या बळावर? वास्तू दानशूरांच्या औदार्याने उभी राहते, निधी व्याजाने वाढतो, नियमावली कायद्याने सिद्ध होते. परंतु निरनिराळ्या घरांतून, व्यवसायांतून आणि स्वभावांतून आलेली माणसे एकाच कार्यासाठी वर्षानुवर्षे एकत्र राहावीत, हे यांपैकी कशानेच साधत नाही. भगवान महावीरांनी साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका असा चतुर्विध संघ स्थापन केला. अडीच हजार वर्षांत कितीतरी राजवटी आल्या आणि लयाला गेल्या, संघ मात्र राहिला. कारण त्याचा पाया व्रताचा होता. साधूचे महाव्रत आणि श्रावकाचे अणुव्रत यांत प्रमाणाचा भेद असला तरी दिशा एकच आहे.

आपल्या मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात हेच सूत्र ज्यांनी जाणतेपणाने अंगीकारले, त्या स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्र या निमित्ताने स्मरणे उचित ठरेल. ते जन्माने जैन नव्हते; परंतु ज्यांच्या आचरणात अपरिग्रह उतरलेला आहे, त्यांना वंदन करताना आपण कुळ विचारीत नाही.

बालपण आणि संकल्प

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी तत्कालीन विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. घरची स्थिती बेताची होती. सोलापूरला शिक्षण चालू असतानाच असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी शाळा सोडली. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले, तेव्हा सतरा वर्षेही पूर्ण न झालेल्या या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला. पुढे अमळनेरची राष्ट्रीय शाळा आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथे त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. लोकशाहीचा विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. ज्या संस्थानात लोकशाहीचा मागमूस नव्हता, तेथेच त्यांना पुढे आयुष्य वेचावयाचे होते, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे.

शिक्षणानंतर त्यांनी कामगारांचे ज्येष्ठ पुढारी ना. म. जोशी यांचे साहाय्यक म्हणून काम केले. हा काळ त्यांच्या चरित्रात थोडक्यात सांगितला जातो, पण त्याचे महत्त्व मोठे आहे. गिरणीतला मजूर कोकणातून येवो की घाटावरून, त्याची जात कोणतीही असो, साच्यासमोर उभे राहिल्यावर त्याचे सुखदुःख शेजारच्या मजुराशी जोडलेले असते. हे नाते आपोआप संघटनेत रूपांतरित होत नाही. त्यासाठी वर्गणी, बैठका, हिशेब आणि धीर यांची नित्य साधना लागते. ही साधना त्यांनी जोशींच्या सहवासात जवळून पाहिली. दिल्लीच्या वास्तव्यात गंभीर आजाराने त्यांना गाठले आणि त्या कामातून बाहेर पडावे लागले. या वळणानेच ते मराठवाड्यात आले.

हिप्परग्याची शाळा

आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा गावी व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू केली होती. १९२९ मध्ये खेडगीकर तेथे मुख्याध्यापक म्हणून रुजू झाले. त्या वेळच्या निजामी राज्याची स्थिती ध्यानी घेतल्याखेरीज या शाळेचे मोल कळणार नाही. सोळा जिल्ह्यांच्या त्या राज्यात आठ जिल्हे तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी भाषेचे. पण राज्यकारभार उर्दूत आणि उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतच. गश्ती निशान ५३ या फर्मानाने पूर्वपरवानगीवाचून सभा भरविण्यास बंदी होती. जेथे चार माणसांनी उघडपणे एकत्र बसणे हाच गुन्हा ठरावा, तेथे शाळा ही एकत्र येण्याची एकमेव मोकळी जागा होती.

हिप्परग्यास शिक्षक व विद्यार्थी यांचे जीवन एकमेकांत मिसळलेले होते. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकांना बांधून ठेवील असे शाळेपाशी काही नव्हते; तरीही ते राहिले. याच काळात मुख्याध्यापकांनी स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. दीक्षेनंतरही त्यांनी शाळा सोडली नाही. संन्यास म्हणजे लोकांपासून दूर जाणे, हा समज त्यांनी आपल्या वागण्याने पुसून टाकला. घर नाही, संचय नाही, आप्तस्वकीयांसाठी काही मिळवावयाचे नाही, अशा माणसावर सहकारी सहज विश्वास ठेवू शकले, हे त्या दीक्षेचे लौकिक फळ होते.

१९३५ मध्ये ते आपल्या सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस आले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी योगेश्वरीच्या विद्यालयास आकार दिला. हिप्परगा आणि अंबाजोगाई या दोन ठिकाणी तयार झालेले शिक्षक-विद्यार्थीच पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते झाले.

तीन भाषांचा एक संघ

संस्थानातील लोकांनी प्रथम आपापल्या भाषेच्या आधारे परिषदा स्थापन केल्या. तेलुगू भाषकांची आंध्र महासभा, आपली महाराष्ट्र परिषद आणि कर्नाटक परिषद अशा तीन वाटा होत्या. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे आणि दुसरे १९३८ मध्ये लातूर येथे झाले. त्याच सुमारास स्वामीजींनी अध्यापन सोडून पूर्णवेळ सार्वजनिक कार्यास वाहून घेतले. तीन परिषदांचे कार्यकर्ते एकत्र येऊन स्टेट काँग्रेस स्थापन करण्याच्या तयारीत असतानाच शासनाने तिच्यावर बंदी घातली. जन्मापूर्वीच बंदी आलेली संस्था असे तिचे वर्णन करावे लागेल. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी कारागृहात गेले.

त्याच वेळी संस्थानात आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. नागरिकांच्या राजकीय हक्कांच्या लढ्याला धर्मविरोधाचे रूप येऊ नये, म्हणून स्टेट काँग्रेसने डिसेंबर १९३८ मध्ये आपला सत्याग्रह स्थगित केला. भर उत्साहात पाऊल मागे घेणे कार्यकर्त्यांना कठीण गेले असणार. परंतु सर्व धर्मांच्या लोकांसाठी स्थापन झालेल्या संघात सिराजुल हसन तिर्मिझी यांच्यासारख्या मुस्लिम सहकाऱ्यास परकेपण वाटू लागले असते, तर त्या संघाचे प्रयोजनच उरले नसते. बंदी उठविण्यासाठी शासनाने संस्थेचे नाव बदलण्याची अट घातली. बंदी १९४६ पर्यंत राहिली. या आठ वर्षांत कार्यालय नव्हते, फलक नव्हता, सभासदांची उघड नोंद नव्हती. तरी संघ राहिला.

१९४७ मध्ये अध्यक्ष या नात्याने स्वामीजींनी भारतीय संघराज्यात विलीन होण्याची मागणी घेऊन आंदोलन पुकारले आणि ते पुन्हा तुरुंगात गेले. बाहेर वकिलांनी न्यायालये सोडली, विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्या, खेडोपाडी शिंदीची झाडे तोडली गेली. रझाकारांच्या अत्याचारांनी कळस गाठला. विलीनीकरणाची बाजू घेणारे ‘इमरोज’ या उर्दू वृत्तपत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. सीमेवर, नांदेडलगतच्या उमरखेडसारख्या ठिकाणी, कार्यकर्त्यांची केंद्रे होती आणि त्यांनी शस्त्रेही हाती घेतली. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या वाचकास येथे थांबावेसे वाटेल. आपल्या आचारशास्त्राने श्रावकाच्या बाबतीत संकल्पी आणि विरोधी हिंसा यांत भेद केला आहे. संकटात सापडलेल्यांच्या रक्षणासाठी घडणारी हिंसा आणि हेतुपुरस्सर केलेली हिंसा एक मानलेली नाही. तथापि तो भेद सांगूनही हिंसेचे ओझे हलके होत नाही, याची जाणीव ठेवणेच योग्य. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि स्वामीजी मुक्त झाले.

विजयानंतरची कसोटी

समान संकटाने जोडलेली माणसे संकट सरल्यावर एकत्र राहतील, याची शाश्वती नसते. स्टेट काँग्रेसमध्ये मवाळ आणि प्रागतिक असे गट पूर्वीपासून होते. सत्ता दृष्टिपथात येताच त्यांतील अंतर वाढले. स्वामीजींचा गट आणि बुर्गुल रामकृष्णराव यांचा गट यांचा मेळ बसू शकला नाही. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांसारखे निकटचे सहकारीही वैचारिक मतभेदांमुळे काँग्रेसबाहेर पडले. तुरुंगाने जे तोडले नाही, ते सत्तेच्या सान्निध्याने तुटले. स्वामीजींच्या जीवनातील हे अपयश झाकण्याचे कारण नाही. प्रत्येक संस्थेस त्यातून घेण्यासारखे आहे.

स्वामीजींनी स्वतः मंत्रिपद घेतले नाही. १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. कानडी मुलखात जन्मलेल्या या संन्याशास दोन्ही भाषांच्या लोकांनी आपले मानले. ज्या हैदराबाद राज्यात त्यांचे नेतृत्व सर्वमान्य होते, त्याच राज्याचे भाषावार विभाजन व्हावे असा आग्रह त्यांनी धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य विसर्जित झाले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आपल्या प्रभावाचे क्षेत्र स्वहस्ते आवरते घेणारा नेता विरळाच. १९६२ मध्ये ते सक्रिय राजकारणातून निवृत्त झाले.

नांदेडचे ऋण

राजकारणात जे साधले नाही, ते रचनात्मक कार्यात साधले. १९५० मध्ये स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पीपल्स कॉलेज सुरू झाले. उच्च शिक्षणासाठी दूर जाण्याची ऐपत नसलेल्या मुलांना गोदाकाठीच महाविद्यालय मिळाले. नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत पुढे तेथे प्राध्यापक आणि प्राचार्य झाला.

खादीचे कार्यही असेच. १९६७ मध्ये नांदेड येथे मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती स्थापन झाली, तेव्हा राजकारणात दुरावलेले गोविंदभाई श्रॉफ स्वामीजींसमवेत होते. मते वेगळी झाली तरी काम वेगळे झाले नव्हते. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणलेल्या खादीपासून या समितीचा राष्ट्रध्वज नांदेडात तयार होतो. सूत कातणारी बाई, मागावर बसणारा विणकर आणि ध्वज शिवणारा कारागीर एकमेकांस ओळखतीलच असे नाही. तरी एकाच्या धाग्यातील दोष शेवटच्याच्या हातात येतो. जीवांनी एकमेकांस उपकारक व्हावे, ही तत्त्वार्थसूत्राची शिकवण कामाच्या ठिकाणी अशी प्रत्यक्ष होते.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे निर्वाण झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

स्वामीजींनी शाळा घडविली आणि ती सहकाऱ्यांच्या हाती देऊन पुढे गेले. राजकारणात नेतृत्व केले आणि वेळ येताच बाजूला झाले. ते निघून गेल्यावरही योगेश्वरी चालली, पीपल्स कॉलेज चालले, माग चालत राहिले. ते त्यांच्याभोवती नव्हे, कार्याभोवती उभे राहिले होते. श्रावकाचे परिग्रहपरिमाण व्रत धनाला मर्यादा घालते. संस्थेच्या कार्यकर्त्याने पद, मान आणि स्वामित्व यांनाही तीच मर्यादा घालावी, असे हे चरित्र सुचविते. आपल्या न्यासाचे संस्थापक एकामागून एक काळाच्या पडद्याआड जात आहेत आणि नवी पिढी जबाबदारी घेण्यास पुढे येत आहे. तिच्या हाती वास्तू आणि निधी यांबरोबर ते व्रतही सोपविता आले, तरच हा सुवर्णमहोत्सव सार्थ ठरेल.

स्वामीजींच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.