निम्मा महसूल गावांना देणारे औंधकर

बेळगावच्या म्युनिसिपालिटीने नव्या वसाहतीसाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांना नांगराच्या कारखान्याची जागा सोडावयास लावली, तेव्हा त्यांना आसरा दिला तो औंधच्या राजाने. कुंडलजवळची 32 एकर माळजमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिले व 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने गमावलेला उद्योग औंधला लाभला.

बाळासाहेबांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 चा. ते पदवीधर, चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. 1909 साली गादीवर आले. संस्थान बहात्तर गावांचे आणि विखुरलेले. औंध, कुंडल, आटपाडी हे तालुके मराठी मुलखात, तर गुणदाळ विजापूरकडे कानडी मुलखात. उत्पन्न बेताचे, आणि मुख्य भिस्त शेतसाऱ्यावर.

सारा भरताना रयतेच्या मनात एकच प्रश्न असतो. आपला पैसा गेला कोठे? संस्थानी राज्यात त्याचे उत्तर बहुधा वाडा आणि खजिना असेच मिळे. बाळासाहेबांनी नोव्हेंबर 1938 मध्ये प्रजेला स्वराज्य देण्याची घोषणा केली. चिरंजीव बॅरिस्टर अप्पासाहेब पंत व पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांच्या साह्याने आणि महात्मा गांधींच्या सल्ल्याने 1939 ची राज्यघटना तयार झाली.

तिची रचना साधी होती. गावाने पाच पंच निवडावेत, पंचायतींतून तालुका समिती व्हावी आणि तीमधून मध्यवर्ती विधिमंडळात प्रतिनिधी जावेत. खरी मेख मात्र पैशात होती. तालुक्यात जमलेल्या महसुलाचा निम्मा भाग त्याच तालुक्यातील गावांच्या कामी खर्च व्हावा, असे ठरले. विहीर आधी की शाळा, रस्ता आधी की बांध, हे आता मामलेदाराऐवजी गावकऱ्यांनीच ठरवावयाचे होते. पंचांना अधिकार मिळाला, तशी हिशेबाची जबाबदारीही आली. ज्याने सारा भरला, तोच चावडीवर खर्चाचा जाब विचारू लागला. गावाला अधिकार द्यावा आणि तिजोरीची किल्ली मात्र स्वतःजवळ ठेवावी, हा खेळ या राजाने केला नाही.

8 मार्च 1948 रोजी औंध मुंबई राज्यात विलीन झाले व ही व्यवस्था संपली. 13 एप्रिल 1951 रोजी बाळासाहेब निवर्तले. पुढे 1993 साली अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने राज्याच्या उत्पन्नातील पंचायतींचा वाटा सुचविण्यासाठी वित्त आयोग नेमणे बंधनकारक केले. तरी आजही बेळगाव-निपाणीच्या गावांना, सीमेच्या अलीकडे काय अन् पलीकडे काय, विकासाच्या निधीसाठी राजधानीकडेच डोळे लावून बसावे लागते. सही करणाऱ्या राजाने आपल्या हाताने आपलाच खजिना निम्मा रिता केला, हे औंधचे मोठेपण विसरता कामा नये.