योआन ब्लाऊ : आगीतून उरलेले नकाशे

फेब्रुवारी १६७२ मध्ये ॲमस्टरडॅम येथील एका छापखान्यास भीषण आग लागली. कागदांचे साठे, मुद्रणयंत्रे आणि नकाशे कोरलेले तांब्याचे अनेक पत्रे नष्ट झाले. हा छापखाना होता योआन ब्लाऊ यांचा. जुन्या नकाशांच्या संग्राहकांत आजही या नावाला विलक्षण मान आहे.

योआन यांचे वडील विलेम हे खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांचे शिष्य आणि नामांकित नकाशाकार. योआन यांनी कायद्यात डॉक्टरेट मिळविली. परंतु वकिलीऐवजी त्यांनी पित्याचाच व्यवसाय पत्करला. १६३८ मध्ये वडील निवर्तले आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नकाशाकाराचे पदही योआन यांच्याकडे आले. जहाजांनी आणलेली ताजी माहिती त्यांच्या हाती येई. मात्र ती कंपनीची गुपिते. बाजारात विकल्या जाणाऱ्या नकाशांत ती फारशी उतरत नसे.

त्यांचा ‘अ‍ॅटलास मायोर’ १६६२ मध्ये लॅटिन भाषेत निघाला : अकरा खंड, ५९४ नकाशे. पाठोपाठ निघालेल्या फ्रेंच आवृत्तीच्या साध्या संचास ३५० गिल्डर, तर हाताने रंगविलेल्यास ४५० गिल्डर पडत. त्या काळी बाजारात मिळणारा हा सर्वांत महागडा ग्रंथ मानला जातो. १६६८ मध्ये डच सरकारने त्याचा एक संच तुर्की सुलतानास नजर केला.

गंमत अशी, की यातील अनेक नकाशे छापतानाच जुने होते. मोगल साम्राज्याचा नकाशा १६१९ मधील एका इंग्रजी नकाशावर बेतलेला! अफझलखानाच्या वधाला तीन वर्षे उलटून गेली तरी या नकाशाला त्याची गंधवार्ता नव्हती. पण ग्राहकाला हवे होते ते वैभव : उत्तम कागद, सुबक अक्षरे, ठसठशीत वेलबुट्टी.

संग्राहकही आज अचूकता पाहत नाहीत. पानामागील मजकुराच्या भाषेवरून ते आवृत्ती ओळखतात. रंग मूळ काळाचा की नंतर चढविलेला, हे तपासतात. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागद खातो आणि पाठीमागे तपकिरी डाग उमटवतो. डाग हाच खरेपणाचा पुरावा! मात्र या हौसेची दुसरी बाजू क्लेशदायक आहे. सुटी पाने भिंतीवर लावण्यासाठी खपतात, म्हणून कित्येक खंड उसवून विकले गेले. आगीतून जे वाचले, ते कात्रीखाली गेले.

ब्लाऊ यांना भूमीपाठोपाठ सागर आणि आकाश यांचेही खंड काढायचे होते. ते निघालेच नाहीत. आगीच्याच वर्षी राजकीय उलथापालथीत त्यांचे नगर परिषदेतील स्थान गेले आणि १६७३ मध्ये त्यांचे निधन झाले. उरलेले पत्रे लिलावात गेले. फ्रेडरिक डी विटसारख्या प्रकाशकांनी ते घेऊन पुन्हा छपाई केली. त्यामुळे ब्लाऊंच्या पत्र्यावरून उमटलेला प्रत्येक नकाशा ब्लाऊंनीच छापलेला असेल, असे नाही.